शेवटच्या चौकटीतली नायिका

नागपुरात बसून सिनेनट्यांच्या भानगडी लिहिणं हा पोटापाण्याचा धंदा असू शकतो, यावर माझ्या माहेरच्यांचा अजूनही विश्वास नाही. मी तो एकोणीस वर्षं केला. या एकोणीस वर्षांत प्रत्यक्ष पाहिलेली सिनेमातली माणसं तीन. एक विमानतळावर तोंडावर टोपी ठेवून झोपलेला होता. दुसरा धरमपेठेत दागिन्यांच्या दुकानाचं उद्घाटन करायला आला तेव्हा गर्दीत मला त्याचं फक्त कोपर दिसलं. तिसरीला मी ओळखलंच नाही, ती निघून गेल्यावर लोकांनी सांगितलं. तरीही दर रविवारी आमच्या पेपरच्या पुरवणीत कोण कोणाशी बोलत नाही, कोणाच्या व्हॅनमधून कोण रडत उतरलं, कोणाच्या लग्नाचं काही खरं नाही, हे मी अशा थाटात लिहायचे की जणू काल संध्याकाळी त्यांच्याच सोफ्यावर बसून चहा पिऊन आले.

सदर एका बाईच्या नावानं चालायचं. ती बाई कधीच अस्तित्वात नव्हती. माझ्याआधी कित्येक वर्षं तिच्या नावानं एक सुपारी खाणारे, लग्न न केलेले गृहस्थ लिहीत. निवृत्त होताना त्यांनी मला खुर्ची दिली, त्या बाईचं नाव दिलं आणि धंद्याचा एक नियम दिला.

नियम समजायला पान समजायला हवं. पानावर सहा बातम्या असत. पाच इकडून तिकडून यायच्या: मुंबईच्या एजन्सीचा मजकूर, नट्यांनी स्वतःच टाकलेले फोटो, त्यांच्या प्रसिद्धीचं काम बघणाऱ्या पोरींचे फोन. सहावी पानाच्या तळाशी, चौकटीत. तिच्यात नाव नसायचं. नुसतं 'एक नायिका'. लोक आठवडाभर डोकं खाजवत, ही ती की ती. ऑफिसात आम्ही या चौकटीला पुडी म्हणायचो, कारण बहुतेक वेळा ती सोडलेलीच असायची.

“आयक बाई,” त्या गृहस्थांनी सांगितलं होतं, “पुडीत नाव नाही टाकाचं, घर टाकाचं. सगळं खोटं लिव्ह, पण एक वस्तू खरी ठेव. आपल्या घरातली. वाचणाऱ्याले त्या वस्तूचा वास येते, मंग बाकीचं तो आपोआप गिळते.”

माणूस बेरकी होता, पण म्हणाला ते सोळा आणे खरं. माझ्या सक्करदऱ्याच्या घरातली एकेक वस्तू त्या नायिकेकडे जात राहिली. एक पाय आखूड असलेला स्टूल आणि त्याच्याखाली घडी करून सारलेला पुठ्ठा. शिट्टी न होता नुसता फुसफुसणारा कुकर. आमचं घर विणकरांचं, माझ्या माहेरचंच. वडिलांचा माग बसवलेला खड्डा केव्हाच बुजवला आणि त्या जागी आता फ्रीज उभा आहे. ते सुद्धा मी एकदा वापरलं, नायिकेच्या बंगल्याखाली बुजवलेली विहीर आहे म्हणून. रविवारी नवरा पेपर उघडायचा आणि ओरडायचा, “आपला कुकर मुंबईले पोचला वं!” यात कोणाचं काही बिघडत नाही अशी माझी पक्की समजूत होती. नाव नाही तर पाप नाही.

गेल्या उन्हाळ्यात, कूलरमध्ये नवा वाळा भरायच्या दिवसांत, आंघोळ करताना माझ्या डाव्या छातीत बोटाला गाठ लागली. वाटाण्याएवढी. दुखत नव्हती, आणि न दुखणारी गाठच वाईट असं कुठंतरी वाचलेलं होतं. मी कोणाला सांगितलं नाही. भ्याले होते, दुसरं काही नाही. दुसऱ्या दिवशी शुक्रवार होता. शुक्रवारी दुपारी तीनला पान छपाईला सुटायचं आणि चौकट रिकामी होती. घरातली दुसरी कुठलीच वस्तू मला सुचेना. मग मी लिहिलं: एका नायिकेला आंघोळ करताना डाव्या छातीत गाठ लागली, तिनं चार दिवसांचं चित्रीकरण रद्द केलं, पण देवाच्या कृपेनं गाठ साधी निघाली आणि आनंदाच्या भरात तिनं मेकअपवाल्यापासून चहावाल्यापर्यंत सगळ्यांना पेढे वाटले.

रविवारी चहा घेत मी ती चौकट वाचली आणि मला बरं वाटलं. हे लिहिताना आजही मान खाली जाते. लोकांना टोप्या घालण्यात हयात गेलेली मी बाई, आपणच शुक्रवारी लिहिलेली थाप रविवारी छापून आल्यावर खरी मानून बसले. काळ्या शाईत, काळ्या रेघेच्या आत, 'साधी निघाली' असं स्पष्ट होतं. मी दवाखान्यात गेले नाही. त्या आठवड्यात नाही, पुढच्या महिन्यातही नाही.

तीन महिन्यांनी एका दुपारी ऑफिसच्या खालच्या गार्डनं वर फोन केला. “मॅडम, तुमची बहीण येऊन बसली हाय.”

मला बहीण नाही. खाली गेले तर बाकावर माझ्याच वयाची, माझ्याच उंचीची एक बाई बसली होती. अंगावर विटकरी सुती साडी. तशीच माझ्याकडे आहे, पण नागपुरात तशी साडी नाही कोणाकडे? मांडीवर पेढ्यांचा पुडा आणि एक प्लास्टिकची फाइल. गावाच्या दुसऱ्या टोकाला, जरीपटक्यात, तिचं साड्यांना फॉल-पिको करायचं छोटं दुकान होतं. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलगा पुण्याला नोकरीत. एवढं तिनं पहिल्या दोन मिनिटांत सांगितलं आणि पेढा माझ्या हातावर ठेवला.

“तुमच्यामुळं वाचली मी, ताई.”

मी काही बोलायच्या आत तिनं फाइल उघडली. आत माझ्या चौकटी होत्या. नुसत्या चौकटी, वरच्या पाच बातम्या कापून टाकलेल्या. प्रत्येकीच्या बाजूला बॉलपेननं एकेक तारीख.

“या तारखा कसल्या?” मी विचारलं.

“मले माझ्या घरात ती वस्तू दिसली त्या.” ती एकदम साध्या आवाजात बोलत होती, दुधाचा हिशेब सांगावा तशी. “पहिले पहिले मले राग आला. वाटलं, ही बाई माझ्याबद्दल काहून लिहून राहिली? माझ्या घरी कोण सांगते हिले? स्टूल माझा, त्याच्याखालचा पुठ्ठा माझा, कुकर माझा. मंग समजलं, तुम्ही वाईट नाही लिहत. सांभाळून लिहता.”

मी हसले. म्हटलं, बाई गं, आखूड पायाचा स्टूल आणि फुसका कुकर या गावात घरटी सापडेल. ती पण हसली. मग तिनं एक चौकट पुढं सरकवली.

इथं मला थोडं मागं जावं लागेल. माझी आई शेवटच्या वर्षात वस्तू फ्रीजमध्ये लपवायची. ती गेल्यावर तिचा चष्मा लोण्याच्या कप्प्यात सापडला. मी तो काढला नाही. का ते विचारू नका, मला सांगता येणार नाही. घरी येणारं कोणी तो कप्पा उघडत नाही आणि नवऱ्यानं त्याबद्दल कधी तोंड उघडलेलं नाही. मात्र एका मजकूर नसलेल्या शुक्रवारी मी तो चष्मा नायिकेच्या फ्रीजमध्ये ठेवून दिला होता.

“माझ्या मायचा चष्मा फ्रीजमधीच हाय,” ती म्हणाली. “लोण्याच्या कप्प्यात. ती जाऊन किती वर्सं झाली, मी हात लावला नाही त्याले.”

भर दुपार होती, बाहेर रिक्षावाले भांडत होते, आणि माझ्या दोन्ही हातांवर काटा उभा राहिला. “फ्रीजमध्ये कसा गेला?” मी विचारलं.

“तिनंच ठेवला. काहून, ते तिलेच माहीत.”

मग तिनं शेवटची चौकट दाखवली. गाठीची. तिलाही तेव्हा गाठ लागली होती आणि सोमवारी डॉक्टरकडे जायची वेळ ठरली होती. रविवारी पेपर आला. तिनं वाचलं, डावी बाजू, आंघोळ, सगळं जसंच्या तसं, आणि शेवटी 'साधी निघाली'. सोमवारी ती डॉक्टरकडे गेली नाही. आज तिला वाटलं की पेढे द्यायचे राहून गेले.

हातातला पेढा मी परत पुड्यात ठेवला. मी तिला सरळ सांगितलं, ती बातमी खोटी आहे. सगळ्या चौकटी खोट्या असतात. मी इथं वर टेबलाशी बसते आणि मनानं बनवते. तुम्ही उद्याच्या उद्या डॉक्टरकडे जा. लहान पोराकडं बघावं तसं तिनं माझ्याकडं पाहिलं.

“तुम्हाले फक्त वाटते का तुम्ही बनवता,” ती म्हणाली आणि पेढ्यांचा पुडा माझ्याजवळ ठेवून निघून गेली.

एक वाक्य बोलले असते तर ती कदाचित बसली असती: अहो, ती गाठ माझी आहे आणि मी पण अजून डॉक्टरकडे गेलेली नाही. ते मी बोलले नाही. स्वतःची लाज झाकायला मी तिला तशीच जाऊ दिलं.

तिचा भ्रम फोडायचा तर एकच उपाय मला सुचला. पुढच्या चौकटीत खरी वस्तू ठेवायचीच नाही. माझ्या घरात नसलेलं, कोणाच्याच घरात नसेल असं काहीतरी हवेतून काढायचं. मी लिहिलं की एका नायिकेच्या स्वयंपाकघरात कॅलेंडरमागं भिंतीला भेग आहे, खालून वर चढत गेलेली आणि वर जाऊन तिचे तीन फाटे झालेले, आणि ज्योतिष्यानं सांगितल्यावरून ती कॅलेंडर कधीच काढत नाही. शेवटचं ज्योतिष्याचं शेपूट माझ्या सवयीचं.

रविवारी सकाळी तिचा फोन आला. माझा नंबर ऑफिसातून मिळवला होता. “कॅलेंडर काढून पाहिलं,” ती म्हणाली. “हाय भेग. तीन फाटे हाय. मले माहीतच नव्हतं वं ताई.”

फोन हातात धरून मी आमच्या स्वयंपाकघरात गेले. आमच्याकडे गॅसच्या बाजूला कॅलेंडर आहे, दरवर्षी त्याच खिळ्याला. दुधाचे खाडे त्यावर टिपते. ते मी उचललं. मागं खालून वर चढलेली भेग होती आणि वर तिचे तीन फाटे झाले होते.

नवऱ्याला हाक मारून दाखवलं. त्यानं चष्मा वर करून पाहिलं आणि म्हणाला, “काळ्या मातीवरचं घर हाय आपलं. उन्हाळ्यात माती फाटते, भिंत फाटते. यात काय पाह्यचं हाय?” बरोबर होतं त्याचं. सक्करदरा काय, जरीपटका काय, नागपुरात कुठल्या भिंतीला भेग नाही? मी मान हलवली, कॅलेंडर परत लावलं आणि त्या दिवशी स्वयंपाकघरात भिंतीकडं पाठ करून उभी राहू शकले नाही.

पण भीतीच्या खाली दुसरं काहीतरी होतं आणि ते जास्त वाईट होतं. मला आनंद झाला होता. भेग जर खरी निघाली, तर 'साधी निघाली' हेही खरं निघणार. डोकं असं चालतं. ज्या बाईला मी वेडी समजत होते तिच्या शेजारी जाऊन मी आपणहोऊन बसले, आणि आणखी तीन आठवडे आम्ही दोघी, ती जरीपटक्यात आणि मी सक्करदऱ्यात, एकाच चौकटीच्या भरवशावर बसून राहिलो.

शुद्धीवर आणलं तिनंच. रविवारी फोन करायची आता तिला सवय झाली होती. एका रविवारी बोलता बोलता म्हणाली की दुकानातल्या वरच्या फळीवरचं रीळ काढता येत नाही, डावा हात वरच जात नाही. “पण ते दुसरं काही असन,” ती म्हणाली. “गाठीचं तर छापून आलंच ना.”

त्या रात्री मी नवऱ्याला स्वतःच्या गाठीचं सांगितलं. तो जे बोलला ते इथं लिहिण्यासारखं नाही, पण त्याचा हक्क होता. तो मला सकाळीच दवाखान्यात ओढून नेणार होता. मी म्हटलं, आधी तिला न्यायचंय, आणि ती माझं ऐकणार नाही, छापलेलं ऐकेल. शुक्रवारी चौकट लिहायला बसले: नायिकेचा आधीचा रिपोर्ट चुकीचा निघाला, सोमवारी सकाळी ती पुन्हा तपासायला जाणार आहे. साधी दोन वाक्यं, पण माझी बोटं 'चुकीचा' या शब्दावर अडली. हे मी कोणाच्या नशिबात लिहिते आहे? तिच्या की माझ्या? एकोणीस वर्षांत पहिल्यांदाच मी एक शब्द टाइप करायला घाबरले.

लिहिलं शेवटी, आणि ते छापून आलंच नाही. ऐन वेळी फर्निचरच्या दुकानाची जाहिरात आली. जाहिरात आली की पानावरून सगळ्यात आधी काय उडतं? चौकट. पान लावणारा मला विचारतही नसे, विचारण्यासारखं त्यात काही नसायचं.

रविवारी सकाळी तिचा फोन आला तेव्हा आवाज ओळखू येत नव्हता. “ताई, आज चौकट नाही. तिथं सोफा हाय. माझं काय झालं?”

मी तिला सांगितलं, लिहिलं होतं, असं असं लिहिलं होतं, शब्द न् शब्द वाचून दाखवला. ती ऐकून घेत होती. मग म्हणाली, “पण छापलं नाही म्हणजे तसं नाही.” मी ओरडले, विनवण्या केल्या, देवाची शपथ घातली. ती मलाच धीर देत राहिली. आणखी एक आठवडा गेला. त्या शुक्रवारी मी तीन वाजेपर्यंत पान लावणाऱ्याच्या मागं उभी राहिले आणि तीच चौकट पानावर बसलेली डोळ्यांनी पाहूनच घरी गेले.

सोमवारी सकाळी नवऱ्यासोबत, पूर्वी तिची वेळ ठरली होती त्याच दवाखान्यात पोचले, तर ती आमच्या आधी येऊन बाकावर बसली होती. मांडीवर फाइल. मला पाहून तिला नवल वाटलं नाही. “तुम्ही पण?” एवढंच म्हणाली आणि सरकून जागा दिली. तेव्हा मी तिला सांगितलं, माझ्या गाठीचं, त्या शुक्रवारचं, सगळं. ऐकून तिनं फाइलमधली ती चौकट काढून पुन्हा वाचली.

दोघींच्या गाठीचे तुकडे तपासायला गेले. आठवड्यानं रिपोर्ट आले. माझी गाठ साधी होती. तिची नव्हती.

तिच्यासोबत दुसरं कोणी नव्हतं. आत डॉक्टरांनी मला थांबवून घेतलं आणि तिला बाहेर बसायला सांगितलं. गार्डला वाटलं होतं तेच त्यांनाही वाटलं. बहिणीला सांगतात तसं त्यांनी मला सगळं सांगितलं: किती पसरलंय, तीन-चार महिने आधी आली असती तर किती फरक पडला असता, आणि आता साधारण किती महिने. मी त्यांना म्हटलं नाही की मी तिची कोणी नाही. त्यांनी विचारलं, तिला सांगू? मी म्हटलं, मी सांगते.

बाहेर आले. ती म्हणाली, “तुमची साधी निघाली ना?”

“हो.”

“मंग चौकट बरोबरच होती. फक्त ती तुमची होती.” तिनं फाइल बंद केली. “मी दुसऱ्याची बातमी आपली समजून राहिली.”

तिनं मला एक शिवी दिली असती तर मी तिचे पाय धरले असते. बसस्टॉपपर्यंत चालताना मीच रडत होते आणि ती माझी पिशवी धरून चालत होती. डॉक्टर काय म्हणाले, असं तिनं विचारलं. मी म्हटलं, उपचार सुरू करू म्हणाले, बरं वाटेल म्हणाले. खोटं बोलायला मला वेळ लागत नाही, धंदाच तो.

उपचार सुरू झाले. मी तिच्यासोबत जायचे. पोराला कळव असं मी म्हटलं की ती म्हणायची, “कामाचा हाय तो, उगाच काहून घाबरवाचं? चौकटीत तर बरी होऊन राहिली मी.” कारण मी बरं होत असल्याचंच लिहीत होते. दर रविवारी ती नायिका सुधारत होती. एका चौकटीत तिला भूक लागू लागली, दुसरीत ती चित्रीकरणाला परतली. दर सोमवारी दवाखान्यात ती मला चौकटीप्रमाणे वागून दाखवायची. भूक लागल्याचं छापून आलं त्या आठवड्यात तिनं ताटभर भात ओकून काढला आणि परत वाढून घेतला. पान बंद करावं असं अनेकदा मनात आलं. बंद केलं तर तिचं काय होईल, हेच मला समजेना.

गेल्या महिन्यात, बुधवारी, मी जरीपटक्यात तिच्या दुकानात गेले. शटर अर्धं वर होतं. ती मशीनपुढं बसली होती, समोर साडी नव्हती, सुईत दोरा नव्हता. नायिका कामाला लागली असं आलं होतं ना, म्हणून बसली होती. गालफडं बसलेली, डोक्याला ओढणी गुंडाळलेली. मला स्टूल देऊन तिनं फाइल काढली आणि शेवटच्या चार चौकटी मशीनच्या पाटावर मांडल्या.

“यात घर नाही,” ती म्हणाली.

“म्हणजे?”

“पहिले तुम्ही कायीबी लिहत होत्या तरी त्यात एक तरी वस्तू राह्यची. स्टूल, चष्मा, भेग. या चारींमंदी एकपण वस्तू नाही. नुसतं बरी झाली, बरी झाली. कोणत्या घरात बरी झाली?” तिनं माझ्याकडं पाहिलं. तिच्या डोळ्यांत राग नव्हता आणि मला त्याचीच भीती वाटली. “हे तुम्ही बनवलं हाय ना, ताई? आधीचं नव्हतं बनवलं. हे बनवलं.”

मी खाली मान घातली. तिच्याबद्दल काहीही खरं लिहायला मी इतकी घाबरले होते की नियम कधी सुटला ते मलाच कळलं नव्हतं.

“डॉक्टरनं मले बाहेर काढलं अन् तुम्हाले सांगितलं,” ती म्हणाली. “काय सांगितलं?”

मी तोंड उघडलं. खरंच उघडलं. एवढ्या लोकांच्या लग्नांची, मोडलेल्या लग्नांची, दवाखान्यांची, मरणांची बातमी मी चवीनं लिहिली, आणि समोर बसलेल्या बाईला तिची स्वतःची बातमी सांगता येईना. ती मशीनवरून हात फिरवत म्हणाली, “राहू द्या. तोंडानं सांगता येत नसन तर छापा. पण खरं छापा.”

शुक्रवारी मी टेबलाशी बसले. एका नायिकेच्या दुकानातलं मशीन लिहिलं, सुईत नसलेला दोरा लिहिला, डोक्याची ओढणी लिहिली. डॉक्टर काय म्हणाले ते लिहिलं. किती महिने ते लिहिलं. चार ओळी झाल्या आणि त्यातली एकही मी बनवलेली नव्हती. पान लावणाऱ्यानं वाचून विचारलं, “मॅडम, नायिकेचं दुकान? अन् ही पुडी जरा जास्तच होऊन नाही राहिली का?” मी म्हटलं, “यातलं अक्षर काढलंस तर बघ. जाहिरात आली तर वरचं उडव, ही ठेव.”

रविवारी पहाटेपासून मी फोन समोर घेऊन बसले होते. नवऱ्यानं पेपर उघडला, खाली पाहिलं आणि घडी करून ठेवला. साडेआठला फोन वाजला.

“वाचलं,” ती म्हणाली.

तिच्याकडे कोणाची तरी स्कूटर सुरू होत नव्हती, तो आवाज येत होता.

“ते महिने लिहिले ते, तेवढेच ना?”

“तेवढेच,” मी म्हटलं. “डॉक्टर तसंच म्हणाले.”

“बरं. मंग आता पोराले बोलावून घेते,” ती म्हणाली आणि तिनं फोन ठेवला.